भिंतीला आधी विचारा, ओल कधी वाढते

वाचकाचं पत्र: "आमचं घर आजोबांनी बांधलेलं, दुमजली. दगडी जोतं आणि त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती. दर्शनी खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खालून ओल चढते, रंगाचे पोपडे निघतात, पांढरी भुकटी गळते. माझ्या लहानपणी ही भिंत कोरडी असायची. चार वर्षांपूर्वी अंगणात चिखल होतो म्हणून फरशी घातली. दोन वर्षांपूर्वी या भिंतीला आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग दिला, तर आता ओल त्या पट्ट्याच्याही वर आली आहे. आईच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरते, कपड्यांना कुबट वास येतो. शिवाय जिन्याजवळच्या छताला तपकिरी डाग पडला आहे, त्याच्या वर न्हाणीघर आहे. तीन कारागिरांना बोलावलं. एक म्हणाला, भिंतीला भोकं पाडून केमिकल भरू. दुसरा म्हणाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, सगळं थांबेल. तिसरा म्हणाला, घराचं वय झालंय, खर्च करण्यात अर्थ नाही. तिघंही अगदी ठाम. आईचा खोकला हटत नाही. नेमकं कारण कसं ओळखायचं, आणि कोणाचं ऐकायचं?"

ताई,

पत्र वाचून आधी तुमच्या आईंची काळजी वाटली, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो. आजच्या आज त्यांचा बिछाना त्या खोलीतून हलवा. घरात दुसरी कोरडी खोली असेल तिथे, ती लहान असली तरी चालेल. खोकल्यासाठी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा घरात बुरशी आहे हे आपणहून सांगा, कारण त्यांना ते दुसऱ्या कशावरून कळणार नाही. कपाटामागची बुरशी कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खरवडू नका. त्याने तिचे बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क, हातात मोजे, साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, आणि पुसून झालं की फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. ब्लीच वापरणार असाल तर ते दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, अ‍ॅसिडमध्ये तर मुळीच नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

दुसरी घाईची गोष्ट विजेची. ओलसर भिंतीत स्विचबोर्ड असेल किंवा छताच्या डागाजवळ दिव्याचा पॉइंट असेल, तर इलेक्ट्रिशियनने पाहीपर्यंत ते सर्किट बंद ठेवा. बोर्डाला हात लावल्यावर किंचित जरी झिणझिण्या आल्या असतील तर उद्यावर ढकलू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तीन कारागिरांनी तीन उत्तरं दिली याचं मला नवल वाटत नाही. जो रोज गच्च्या करतो त्याला आधी गच्ची आठवते. यात लबाडी असेलच असं नाही. पण तिघांनीही घर पाहिलं असेल ते पंधरा-वीस मिनिटं, आणि ओल ही पंधरा मिनिटांत ओळखू येणारी गोष्ट नाही. शिवाय प्रत्येकाने सगळ्या घरातल्या ओलीला एकच कारण असणार असं धरलं होतं. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, तुमच्या घरात तीन वेगवेगळ्या ओली आहेत. दर्शनी खोलीतली जमिनीशी संबंधित, आईंच्या खोलीतली हवेतल्या वाफेची, आणि जिन्याजवळची वरच्या न्हाणीघराची. तिन्हींचा उपाय निराळा. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर पैसे जातात आणि ओल राहते.

माझं हे म्हणणंही तुम्ही पुराव्याशिवाय मानू नका. पुरावा घरातच मिळतो, तो कसा गोळा करायचा ते सांगतो.

डाग दिसतो ती पाणी बाहेर येण्याची जागा असते. शिरण्याची जागा कधी हाताच्या अंतरावर असते, कधी दहा फूट लांब, तर कधी वरच्या मजल्यावर. पाणी भिंतीतल्या भेगेतून, तुळईच्या पाठीवरून, पाइपाच्या कडेने वाट काढत जातं आणि जिथे अडतं तिथे उमटतं. म्हणून "ओल कुठे आहे" या प्रश्नाने माणूस फसतो. "ओल कधी वाढते" या प्रश्नाने सहसा फसत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. एका जुन्या घरात भिंतीच्या तळाशी ओल होती, पांढरे क्षार होते. मी पाहिलं आणि पाणी जमिनीतून चढतंय असं सांगून मोकळा झालो. त्या घरातल्या आजी म्हणाल्या होत्या, "अहो, मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी वाढते बघा." मी मान डोलावली आणि खालचा गिलावा काढायला लावला. पुढच्या पावसाळ्यात नवा गिलावाही भिजला. छपराचं पाणी उतरवणारा पाइप त्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून खाली गेला होता, त्याचा जमिनीखालचा सांधा फुटलेला होता, आणि प्रत्येक पावसाचं पाणी थेट पायाशी ओतलं जात होतं. आजींनी कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांचा खर्च वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एक वही करा. प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्यातून एकदा, आणि मोठा पाऊस पडला तर दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी, पुन्हा पाहा. डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. मोबाइलवर फोटो काढाल तेव्हा तो दर खेपेला एकाच जागेवरून, दिवसाच्या एकाच वेळी काढा. वहीत पाऊस, उघडीप, न्हाणीघर किती वापरलं, खिडक्या उघड्या होत्या की बंद, एवढं दोन ओळींत लिहा. एक साधा आर्द्रतामापक आणून आईंच्या खोलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ त्याचा आकडा टिपा.

सहा-आठ आठवड्यांत वही बोलायला लागते. पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत डाग वाढला, तर पाणी बाहेरून शिरतंय. जाड भिंतीला उशीर लागतो हे लक्षात ठेवा, पाऊस थांबल्यावरही डाग वाढू शकतो. पावसाशी काही देणंघेणं नाही आणि ओल बारा महिने सारखीच, तर नळ, ड्रेनेज किंवा जमीन यांच्याकडे बघायचं. पाऊस नाही, नळ बंद, पण हवा दमट झाली की भिंत काळवंडते, तर क्षार किंवा हवेतली वाफ. घर आठवडाभर बंद होतं आणि डाग सुकला, तर पाणी घरातल्या वापराचं आहे.

दर्शनी खोलीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच झाला आहे.

पत्रात तुम्ही दोन वाक्यं जाता जाता लिहिली आहेत. लहानपणी ही भिंत कोरडी असायची, आणि चार वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली. मला सगळ्या पत्रात ही दोन वाक्यं मोलाची वाटली. जी भिंत इतकी वर्षं कोरडी उभी होती ती वयामुळे अचानक भिजत नाही. काहीतरी बदललेलं असतं. तिसऱ्या कारागिराचं "घराचं वय झालंय" हे निदान मी म्हणूनच बाजूला ठेवतो. जुन्या घराच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ओल सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत काय काय केलं? फरशी, नवा रस्ता, शेजारचं बांधकाम, नवीन नळजोडणी, खिडक्यांना काचा, सिमेंटचा गिलावा, काहीही असू शकतं.

टेप घेऊन बाहेर जा. अंगणाच्या फरशीपासून आतल्या जमिनीची उंची मोजा. उंबऱ्यापाशी मोजणं सोपं जातं. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा निदान 6 इंच वर हवी. फरशी घालताना खाली भर घातली जाते, मग सिमेंटचा थर, मग फरशी, असं करता करता बाहेरची पातळी सहज 4-5 इंच वर येते आणि जोत्याचा तेवढा दगड जमिनीत गाडला जातो. पूर्वी पावसाचं पाणी मातीत मुरायचं आणि उन्हात वर उडून जायचं. आता फरशीखालच्या मातीतल्या ओलीला वर यायला वाट नाही, ती बाजूला सरकून पाया आणि भिंत धरते. फरशीचा उतार घराकडे असेल तर मग बघायलाच नको. बादलीभर पाणी फरशीवर ओता आणि नुसतं उभं राहून बघा ते कुठे जातं. भिंतीकडे गेलं आणि कडेच्या फटीत नाहीसं झालं, तर अर्धं निदान तिथेच झालं.

विटा आणि चुना दोन्ही सच्छिद्र असतात. दिव्याची वात तेल वर ओढते तशी भिंत जमिनीतलं पाणी ओढते. पण वातीलाही मर्यादा असते. वर चढताना भिंतीच्या अंगातून पाणी उडत जातं, त्यामुळे चढणारी ओल साधारणपणे 3-4 फुटांवर थांबते आणि तिथे एक आडवी, नागमोडी रेघ दिसते. डाग सहा-सात फुटांवर सुटा असेल किंवा वरून खाली ओघळलेला असेल, तर तो जमिनीतून आलेला नाही असं बहुधा खुशाल धरावं. याला एक अपवाद आहे आणि नेमका तोच तुमच्या घरी घडलाय.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला की पाणी थांबत नाही, त्याचं उडून जाणं थांबतं. पूर्वी जे तीन फुटांपर्यंत चढून खोलीत आणि बाहेर उडून जायचं ते आता कोंडलेल्या पट्ट्यामागून आणखी वर चढतं आणि पट्टा संपतो तिथे बाहेर येतं. तुमची ओल चार फुटांच्या बरोबर वर आली याचं कारण माझ्या मते हेच आहे. आता तो पट्टा सहा फुटांपर्यंत वाढवला तर ओल सात फुटांवर दिसेल. कृपा करून हे करू नका.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा, मातीतले आणि विटांमधले क्षार. पाणी त्यांना विरघळवून वर आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. गिलाव्याच्या आत त्यांचे स्फटिक वाढले की ते आतून रेटा देतात, म्हणून रंगाचे पोपडे सुटतात आणि बोट लावलं तर गिलावा पिठासारखा झडतो. जमिनीतून आलेल्या पाण्यात बहुधा नायट्रेट आणि क्लोराइड हे क्षार असतात, आणि त्यांचा स्वभाव मिठासारखा असतो. दमट दिवसांत मिठाला पाणी सुटतं ना, तसंच. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढू लागतं. भिंतीतले काही क्षार त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही ओढतात. म्हणजे जमिनीचं पाणी पूर्ण बंद केलं तरी क्षारांनी भरलेला गिलावा दमट दिवशी ओला दिसणार. पुष्कळ घरांत दुरुस्ती बरोबर झालेली असते, पण जुना गिलावा तसाच ठेवलेला असतो, आणि लोक म्हणतात की काही उपयोग झाला नाही.

या भिंतीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहा. भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पंधरा मिनिटं ती भिंत बघा. पन्हाळ भरून सांडतेय का, पागोळ्यांचं पाणी फरशीवर आपटून भिंतीवर उडतंय का, उतरत्या पाइपामागे हिरवं शेवाळ आहे का, खिडकीच्या छज्ज्याखालून पाणी भिंतीकडे ओघळतंय का. भिंतीलगत फरशी असली की उडालेलं पाणी फूट-दीड फूट भिंत भिजवतं, आणि आतून ते हुबेहूब चढलेल्या ओलीसारखं दिसतं. दुसरं, बाहेरच्या गिलाव्यावर संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. उजेड आडवा पडला की केसाएवढ्या भेगाही सावलीने दिसतात. सिमेंटच्या गिलाव्यातल्या अशा भेगेतून पाणी आत शिरतं आणि त्याच घट्ट गिलाव्यामुळे परत बाहेर येत नाही. गिलाव्यावर चाबीने टकटक करा, पोकळ आवाज आला तिथे तो भिंतीपासून सुटलेला आहे.

केमिकलच्या इंजेक्शनबद्दल विचारलंत. ते थोतांड नाही. विटांच्या सलग आडव्या सांध्यात नीट भरलं तर काही भिंतींत उपयोगी पडतं. पण बाहेरची जमीन त्या भोकांच्या रेघेच्या वर असेल तर पाणी रेघेच्या वरूनच शिरणार. आणि दगडी जोत्यात, जिथे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये खडी-मातीची भर असते, तिथे केमिकल कुठे गेलं हे कोणीच सांगू शकत नाही. माझं मत विचाराल तर आधी भिंतीलगतची दीड-दोन फूट रुंद फरशी काढा, माती जोत्याच्या मूळ पातळीपर्यंत खाली घ्या, तिथे खडी भरा आणि पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्या. खोदताना पायाच्या खाली मात्र जाऊ नका. या कामानंतर एक पावसाळा जाऊ द्या. पुष्कळदा इंजेक्शनची गरजच उरत नाही.

आईंच्या खोलीचं दुखणं वेगळं आहे. तिथे पोपडे नाहीत, पांढरी भुकटी नाही, तळापासून चढलेली रेघ नाही. काळी बुरशी आहे, तीही कपाटामागे. हवा जिथे खेळत नाही तिथली भिंत खोलीपेक्षा थोडी थंड राहते, आणि थंड भिंतीलगतची हवा जास्त ओलसर होते. किती थोड्या फरकाने हे घडतं ते बघा. खोलीतली हवा 25 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर भिंतीवर थेंब जमायला ती 19 अंशांपर्यंत थंड व्हावी लागते. पण बुरशीला थेंब लागतच नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं, आणि त्यासाठी याच खोलीत भिंत साडेबावीस अंश असली तरी झालं. म्हणजे फरक फक्त अडीच अंशांचा. भिंतीला हात लावला तर ती कोरडी लागेल आणि तरी बुरशी वाढत राहील. म्हणून "भिंत कोरडी आहे, मग बुरशी आली कुठून" असा प्रश्न लोकांना पडतो.

खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे. कपाट पुढे ओढा, बुरशी पुसून भिंत पंख्याने दिवसभर वाळवा. मग फूटभर लांबीरुंदीचा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एखाद्या कडेला फट राहिली तर परीक्षा फुकट. दोन दिवसांनी पाहा. खोलीकडची बाजू ओलसर असेल तर पाणी हवेतलं आहे. पट्टी काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर ते भिंतीच्या पोटातून येतंय. पोटातलं पाणी मुळात कुठून आलं हे मात्र ही परीक्षा सांगत नाही, त्याला वहीच हवी. आणि परीक्षा दमट दिवसांतच करा, कोरड्या हवेत दोन्ही बाजू कोरड्या निघतील आणि तुमचा गैरसमज होईल.

वाफ आपणच तयार करतो. श्वास, अंघोळ, स्वयंपाक, ओले कपडे. आईंच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालत असाल तर ते आधी थांबवा, कारण कपड्यांतलं सगळं पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हटवून आतल्या भिंतीला लावा. जागा नसेल तर मागे निदान चार इंच मोकळे ठेवा आणि खालूनही हवा जाऊ द्या. खिडक्या उघडा हे सगळे सांगतात, पण ते अर्धवट आहे. बाहेर मुसळधार पाऊस असताना खिडकी उघडली तर बाहेरची दमट हवाच आत येते आणि थंड भिंतीवर बसते. उघडीप झाली, ऊन पडलं, बाहेरची हवा कोरडी झाली की दोन समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास सताड उघडा. एका खिडकीने हवा खेळत नाही. जुन्या घरांत वर झरोके असायचे. तुमच्या त्या खोलीत झरोका होता का आणि तो पुढे कधी बुजवला का, हे भिंतीच्या वरच्या भागात बघाच.

आता जिन्याजवळचा डाग. दुसऱ्या कारागिराने गच्ची म्हटलं, पण गच्ची गळत असती तर पाणी आधी वरच्या मजल्याच्या छताला दिसायला हवं होतं. त्या छताबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे ते कोरडं असावं असं मी धरतो. पुन्हा एकदा बघून घ्या. डागाची कडा मधल्या भागापेक्षा गडद असेल, एकात एक वळी असतील, तर तो अनेकदा ओला होऊन सुकला आहे. प्रत्येक वळं म्हणजे एक खेप. असा थांबून थांबून येणारा डाग सहसा वापराच्या पाण्याचा असतो. भरलेल्या नळाची गळती अहोरात्र चालू असते, तिचा डाग सुकायला वेळच मिळत नाही.

शोध क्रमाने घ्यायचा, एका दिवशी एकच. पहिल्या दिवशी नळ. वरच्या टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ बंद करा, टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी पातळी उतरली असेल तर नळाच्या लाइनमध्ये गळती आहे. फ्लशची टाकी झिरपत असली तरीही पातळी उतरते, म्हणून तिचा कॉक आधी बंद करा. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची जमीन. मोरीच्या तोंडाला घट्ट बोळा लावून इंचभर पाणी भरा, त्यात थोडा रंग मिसळा, चोवीस तास तसंच ठेवा आणि खाली लक्ष द्या. छत ओलं झालं तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलं. नाही झालं तर बोळा काढून पाणी एकदम सोडा. त्यानंतर ओल दिसली तर दोष ड्रेनेजच्या पाइपात किंवा त्याच्या सांध्यात. आणि तेव्हाही नाही दिसली, तर तिसऱ्या दिवशी फक्त भिंतीच्या टाइल्सवर पाणी मारा, विशेषतः नळ जिथून भिंतीबाहेर येतो त्या गोल फटीवर. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत अख्खी न्हाणी फोडल्यानंतर कळलं की दोष त्या बोटभर फटीत होता. प्रत्येक परीक्षेनंतर छत सुकू द्या, नाहीतर कालचं पाणी आज दिसेल. छताला लाकडी तुळया असतील तर भिंतीत शिरणारी त्यांची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक लोण्यासारखं आत गेलं तर खालून कोणालाही ये-जा करू देऊ नका आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला लगेच बोलवा. या एका बाबतीत वही-बिही काही नाही.

राहिला प्रश्न कोणाचं ऐकायचं याचा. कारागीर भिंतीला दोन सुयांचं यंत्र लावतो, ते टूं टूं वाजतं, आकडा दाखवतं, आणि माणूस घाबरतो. ते यंत्र पाणी मोजत नाही, दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते मोजतं. त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. क्षार असलेल्या गिलाव्यातून वीज सहज जाते, त्यामुळे जवळजवळ कोरड्या भिंतीलाही ते "खूप ओली" म्हणतं. त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी. भिंतीवर फूटफूट अंतरावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीचा आकडा लिहिला तर ओलीचा नकाशा मिळतो. पक्कं उत्तर हवं असेल तर भिंतीत संथ गतीने ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढतात, वजन करतात, भट्टीत 105 अंशांना वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. पृष्ठभाग ओला आणि पोट कोरडं असेल तर वाफ किंवा क्षार. पोट जास्त ओलं असेल तर पाणी जमिनीतून, बाहेरून किंवा भिंतीतल्या पाइपातून येतंय. मोठा खर्च करण्याआधी ही तपासणी करून घेणं मला योग्य वाटतं.

माणूस निवडताना मी एवढंच बघतो, की तो भिंतीला हात लावण्याआधी घराबाहेर फेरी मारतो का, आणि ओल कधी वाढते हे विचारतो का. शक्य असेल तर निदान अशा माणसाकडून करून घ्या जो पुढचं काम स्वतः घेणार नाही. त्याची फी वेगळी द्यावी लागेल, पण त्याला केमिकल विकायचं नसतं.

निदान पक्कं झाल्यावर दर्शनी खोलीतला सिमेंटचा पट्टा काढावा लागेल, ओल दिसते त्याच्या वर आणखी फूटभर. काढताना जुन्या रंगाचे थर कोरडे घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आधी पाणी शिंपडून घ्या आणि आईंना त्या दिवशी घरात ठेवू नका. मग भिंत उघडी राहू द्या. वाळायचा ढोबळ हिशेब जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना असा आहे. म्हणजे दीड फुटाच्या भिंतीला दीड वर्ष. एवढे दिवस उघडी भिंत बघवत नाही, पाहुणे विचारतात, घरात कुरकुर होते, हे मला माहीत आहे. तरी मधे पुट्टी आणि रंग लावायची घाई करू नका. भिंतीवर नवी भुकटी येईल ती कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून फेका, पाण्याने धुऊ नका, धुतलेले क्षार पुन्हा आत शिरतात. भुकटी यायची थांबली की चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. चुन्यात काम केलेला गवंडी शोधायला वेळ लागेल, म्हणून तो शोध आतापासूनच सुरू करा.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा उंबऱ्यापाशी मोजलेली उंची, फॉइलची कोणती बाजू ओली निघाली ते, आणि वहीची पहिली पानं पाठवा. आणि आईंचा खोकला कसा आहे तेही कळवा.